तिरप्या पाव्हण्याची लेक

माझा नवरा तिरळा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या चार वर्षांत बाजारात, एसटीत, अगदी मयताला गेले तरी बाया मला हेच विचारतात. तो डोळे तिरळे करतो. पाहिजे तेव्हा, पाहिजे तितके, आणि पुन्हा झटक्यात सरळ. घरात मी त्याला 'समीक्षाचे पप्पा' म्हणते आणि अहो-जाहो घालते. इथं कागदावर धनाजी म्हणते आणि एकेरी लिहिते, कारण लिहिताना अजून मधूनच राग येतो आणि रागाला एकेरी बरं पडतं.

आमची वाडी कवठे महांकाळपासून सहा किलोमीटरवर. धनाजी दुसऱ्याची पिकअप चालवतो, मी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. सुट्टीच्या दिवशी मात्र धनाजी नट असतो. त्याचा मित्र विश्वजित यानं मोबाईलवर विनोदी व्हिडिओ काढून चॅनेल सुरू केलं, तेव्हा वाडीतली पोरं आपापली सोंगं घेऊन आली. कुणी साडी नेसून बाई झाला, कुणी दारुडा. धनाजीनं टोपी वाकडी केली, दोन्ही डोळे नाकाकडं आणले आणि म्हणाला, "पाव्हणं, पोरगी दावा की." तिरपा पाव्हणा त्या दिवशी जन्माला आला. तो मुलगी बघायला जातो, बघतो मुलीकडं, पण मुलीच्या आत्याला वाटतं आपल्याकडंच बघतोय. आत्या लाजते, आत्याचा नवरा काठी काढतो. दर भागात थोड्याफार फरकानं हेच, आणि लोक पोट धरून हसतात.

यात नवीन काही नव्हतं. तमाशातला सोंगाड्या हेच करायचा, सिनेमातला गडीमाणूस हेच करतो, गणपतीतल्या नाटकात ज्याला पाठांतर जमत नाही त्याला तिरळ्याचं काम देतात. तिरळा माणूस आला की लिहिणाऱ्याचं काम संपलं. तो नुसता दारात उभा राहिला तरी हशा. मीही हसलेय, खोटं कशाला बोलू? आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात सगळी मंडळी पोह्यांत गुंतलेली असताना धनाजीनं माझ्याकडं बघून एकदाच डोळे तिरळे केले होते. मला हसू आवरेना, म्हणून मी ट्रे घेऊन आत पळाले. आईला वाटलं लाजली. त्या हसण्यावरच मी होकार दिला.

माझ्या सासूबाई हरणाबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, त्यांना हे कधी पटलं नाही. "आरं धना, वारं लागलं की डोळं तसंच ऱ्हात्यात," असं त्या त्याला लहानपणापासून सांगत आल्या. पण मुलगा मोबाईलवर दिसायला लागला, जतपासनं पाव्हण्यांचे फोन यायला लागले, तशा त्याही गप्प झाल्या.

समीक्षा साडेतीन वर्षांची होती. दिवाळीच्या आसपास एका दुपारी भाकरी कुस्करता कुस्करता तिचा एक डोळा नाकाकडं गेला. आधी मी पाहिलं. आणि मी काय केलं? हसले. "आवं, हिकडं बघा की! लेक तुमचं करतीया!" धनाजी हातातला घास टाकून बघायला आला. त्यानंही केले. बापलेक समोरासमोर तिरळे, आणि आम्ही हसून हसून बेजार. आत्तीसुद्धा हसल्या, म्हणाल्या, "खाण तशी माती!" आम्ही हसतोय म्हटल्यावर समीक्षाही टाळ्या पिटून हसली.

मग ते रोजचंच झालं. गोष्टीचं पुस्तक धरलं, ताटात बघितलं, दमली, झोपेला आली की तिचं सुरू. जो तो म्हणायचा, खाण तशी माती. मला तर अभिमानच वाटायचा. पुढच्या चैत्रात विश्वजितनं तिच्यासाठी भागच लिहिला, 'तिरप्या पाव्हण्याची लेक'. त्यात नवरी तिला विचारते, "बाळा, कुणाकडं बघतीस?" आणि समीक्षा म्हणते, "पप्पांकडं." बस्स. एवढ्याच वाक्यावर तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. त्यानंतर एसटीत बसलो की मागच्या सीटवरनं आवाज यायचा, "बाळ, करून दाव की." तिचा डोळा कधी जायचा, कधी जायचा नाही. जायचा नाही तेव्हाही लोक हसायचे.

आणि हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. माझ्या माहेरी, आटपाडीकडं, भावाच्या घरभरणीला चार चांगल्या घरच्या बाया बसल्या होत्या. समीक्षा त्यांच्यासमोर लाडू खात होती आणि डोळा आत. मला लाज वाटली. म्हटलं, "पुरं झालं, डोळं सरळ कर." ती म्हणाली, "केल्यात की." मी म्हटलं, "उलट बोलतीस?" आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडत रडत डोळे ताणून ताणून माझ्याकडं बघत राहिली. सरळ करून दाखवत होती बिचारी. मी दुसरा घातला.

यंदाच्या चैत्रात जत्रेसाठी तिला फ्रॉक शिवायचा होता, म्हणून केरबा तात्यांकडं गेले. केरबा तात्या आमच्या वाडीचे शिंपी, साठीच्या पुढचे आणि खरे तिरळे. उजवा डोळा जन्मापासून आत. धनाजी ही कला त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर शिकला. शाळेतनं येताना पोरं दारात उभी राहून त्यांची नक्कल करायची आणि ते आतनं खडू फेकून मारायचे. ती वाकडी टोपीसुद्धा त्यांचीच. हे सगळ्या वाडीला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. म्हणून त्यांच्या दुकानात गेलं की मला उगाच चोरट्यासारखं व्हायचं. मी कापड देऊन लवकर निघायच्या बेतात असायची.

त्यांनी समीक्षाची मापं घेतली. मग एक लाल बटण चिमटीत धरून तिच्या नाकासमोर आणलं. इकडं नेलं, तिकडं नेलं. तिला गंमत वाटली. मला वाटलं, म्हातारा खेळवतोय.

"पल्लवी, पोरीचा डोळा दावलास का कुणाला?"

"कशापायी तात्या? ती पप्पांची नक्कल करतीया."

"धनाजी दोनी डोळं आणतो," ते म्हणाले. "लय वर्सं बघतोय मी. मुद्दाम करणाऱ्याचं दोनी येत्यात. एकलाच डोळा मुद्दाम आणता येत न्हाई, तू करून बघ. हिचा डावा एकलाच जातोय. उजवा जागचा हलत न्हाई. ही नक्कल न्हवं गं पोरी."

माझं डोकं फिरलं. वाटलं, इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि आता माझ्या लेकरावर काढतोय. म्हटलंही, "तात्या, तुमाला त्यांचा राग हाय, त्यो माज्या पोरीवर का काढताय?"

त्यांनी टेप गुंडाळली. "बुधवारी ने फ्रॉक," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या हाताला काम धरवेना. शेडवर मी निवडाईत पहिल्या नंबरची. बेदाण्यात केसाएवढी काडी असली तरी मला दिसते, डाग पडलेला मणी मी न बघता बाजूला काढते, अशी माझी ख्याती. त्या आठवड्यात मुकादम तीनदा येऊन म्हणाला, "पल्लवी, काड्या चालल्यात पुढं. ध्यान कुटं हाय?" ध्यान कुठं असणार! घरी येऊन मी मोरीतल्या आरशासमोर उभी राहायची आणि एकच डोळा नाकाकडं आणायचा प्रयत्न करायची. दोन्ही यायचे. डोकं ठणकायला लागलं तरी दोन्हीच यायचे.

मग तो व्हिडिओ काढला. जिथं ती "पप्पांकडं" म्हणते तिथं थांबवला. उजवा डोळा नीट समोर मोबाईलकडं बघतोय आणि डावा नाकाच्या मुळाशी. शेजारी धनाजी, त्याचे दोन्ही आत. शेजारी शेजारी, एकाच चौकटीत. लाखो लोकांनी बघितलं, खाली लिहिलं, 'सेम टू सेम बाप', 'बापापेक्षा लेक भारी'. एका माणसाला दिसलं, ज्याच्यावर आम्ही हसत होतो.

धनाजीला सांगितलं तर तो म्हणाला, "केरब्याला काय कळतंय? त्यो काय डाक्टर हाय?"

"मग एकच डोळा आणून दावा."

"त्यात काय!" म्हणत त्यानं केलं. दोन्ही आले. परत केलं. दोन्ही. एक डोळा हातानं धरून केलं. हातामागचाही आत गेलेला मला बोटांच्या फटीतनं दिसला. मग म्हणाला, "ल्हान पोरांचं अंग लवचिक असतंय गं. त्यास्नी जमत असंल." आणि पिकअपची चावी घेऊन बाहेर पडला. हसण्यावारी नेलं. त्याला दुसरं काही येतच नाही, हसण्यावारी न्यायचं एवढंच येतं.

रविवारी जत्रेच्या भागाचं शूटिंग होतं. बापलेक दोघांचं. सकाळी धनाजी अंगणाच्या टोकाला पाण्याच्या हौदापाशी आवरत होता. समीक्षा पायरीवर बसून चहात बिस्किट बुडवत होती. मी तिच्या मागं बसले आणि तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला.

"पप्पा काय करत्यात गं?"

"दाढी."

हात बदलला. उजवा झाकला. तिनं लगेच माझा हात ढकलला. परत झाकला, परत ढकलला. "मम्मी, हात काढ ना!" मी तिला मांडीत घट्ट धरलं आणि धनाजीला हाक मारली. तो तोंड पुसून आमच्याकडं वळला आणि उभा राहिला. दहा पावलांवर. टोपी नाही, सोंग नाही. चेहरा सरळ, डोळे सरळ.

"आता सांग, पप्पा काय करत्यात?"

समीक्षानं मान त्या बाजूला वळवली आणि खदखदून हसली. "डोळं करत्यात!"

धनाजीच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो पुढं चालत आला. मी दर दोन पावलांना विचारत होते, "आता?" आणि ती म्हणत होती, "डोळं! डोळं!" आणि हसत होती. तो अगदी पुढ्यात आला, दोन पावलांवर, तेव्हा तिचं हसू थांबलं. ती निरखून बघत म्हणाली, "न्हाई. सरळ हायत."

"मग मगाधरनं हसत हुतीस का गं?" मी विचारलं.

"पप्पा हुबं ऱ्हायलं की समदी हसत्यात की," ती म्हणाली.

त्या दिवशी शूटिंग झालं नाही. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही सांगलीला गेलो. स्टँडपासनं रिक्षा केली. दवाखान्यात तिच्या डोळ्यांत तीनदा थेंब घातले, दोन तास बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या, चित्रांची पाटी दाखवून तिच्याशी खेळल्यासारखं करत सगळं तपासत होत्या. उजव्या डोळ्यानं तिनं शेवटच्या ओळीतलं बारीक घर ओळखलं. डाव्यानं सगळ्यात वरचं मोठं चित्रही चाचपडत सांगितलं.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. धनाजीनं मोबाईल काढला आणि तो व्हिडिओ लावला. त्याला दुसरा पुरावा कुठला देणार? डॉक्टरीणबाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. आत्या लाजते तिथंही त्या हसल्या नाहीत. समीक्षा "पप्पांकडं" म्हणाली तिथं त्यांनी मागं नेऊन परत बघितलं आणि खालची तारीख वाचली.

"याला वर्ष झालं. त्याच्याही आधी होतं?"

"सा म्हैनं," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर लिहिलं. दीड वर्ष.

धनाजी खुर्चीच्या कडेला आला. "मॅडम, मी डोळं करतो म्हणून हिला झालं का? माज्यामुळं?"

"नाही. नक्कल करून कुणी तिरळं होत नाही, ते मनातून काढून टाका. तिला प्लसचा नंबर आहे, जवळचं बघताना जोर पडतो, त्यानं डोळा आत ओढला जातो. तेव्हाच चष्मा दिला असता तर बहुतेक भागलं असतं. आता इतके दिवस तो डोळा वाकडा राहिला, की मेंदूनं त्याच्याकडून बघायचंच सोडून दिलंय. पोर तक्रार करत नाही, कारण तिला एका डोळ्यानं सगळं दिसतं. कळायला दुसऱ्याच कुणाला तरी कळावं लागतं."

कायमचा चष्मा, आणि रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. मणी ओवायला द्या, रंगवायला द्या, तिला आवडेल ते ठरावीक अंतरावर दाखवत जा, वाकड्या डोळ्याला कामाला लावा. पाच वर्षं म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही. किती परत येईल? "खात्री नाही देत मी. पट्टी किती नेमानं लावता, त्यावर आहे."

परत येताना सांगलीच्या स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो. थेंबांमुळं समीक्षाला सगळं धूसर दिसत होतं, ती बापाच्या मांडीवर तोंड खुपसून होती. एक माणूस लांबनं बोट दाखवत आला. "आवं, तिरपं पाव्हणं न्हवं का तुमी? लय भारी काम! एकदा डोळं करा की, फोटू घेतो." आणि धनाजीनं केले. सवयीनं, मान वर करून, दोन्ही डोळे नाकाकडं. माणूस खो खो हसला. आणि ते ऐकून मांडीवरची समीक्षा, जिला काही दिसत नव्हतं, तीही हसली. मला वाटलं, त्या माणसाचा मोबाईल घेऊन फलाटावर आपटावा. पण त्याचं काय चुकलं होतं? दीड वर्षापूर्वी मीच अशी हसले होते.

त्या दिवसानंतर धनाजीनं घरात डोळे केले नाहीत. समीक्षा मागं लागायची, "पप्पा, डोळं करा!" तो उठून गोठ्याकडं जायचा. घर सुनं सुनं वाटायला लागलं.

पट्टीचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. चिकटपट्टी घामानं निघायची, खाली पुरळ यायचं, ती ओरबाडून काढायची. उंबऱ्याला अडखळायची, चहाचा कप सांडायची, शेळीच्या पिल्लाला धरायला जाऊन खांबाला धडकायची. "मम्मी, अंधार लावू नको," म्हणून पाया पडायची. आत्ती तर भांडायलाच उठल्या. "चांगला डोळा झाकून वाकडा उगडा ठेवत्यात! आसली कसली डाक्टरीण? आन डोळा जरासा तिरपा असला तर पोरगी नशीबवान असती, आमच्यात म्हणत्यात." मी म्हटलं, "आत्ती, नशीब तिला दिसलं तर पायजे ना." दुसऱ्या दिवशी मी शेडवरनं आले तर आत्ती समीक्षाला मांडीवर घेऊन मणी ओवत बसल्या होत्या, पट्टी जागच्या जागी.

विश्वजितही आला. सगळं ऐकून हळहळला, आणि चहा संपता संपता म्हणाला, "मग पट्टीसकटच घिऊ की भागात. तिरप्या पाव्हण्याची लेक, डोळ्याला पट्टी. लोकांस्नी लय आवडंल." माझ्या हातात परात होती. ती मी जमिनीवर अशी आपटली की शेळी दावं तोडायला लागली. धनाजी म्हणाला, "विश्वा, मला बोलीव, मी येतो. पोरगी न्हाई. आन तो जुना भाग काडून टाक." विश्वजितनं काढला. तेवढा तो माणूस बरा.

चिकटपट्टीवर उपाय केरबा तात्यांकडंच होता. जायला माझे पाय धजत नव्हते. धनाजीही बरोबर आला, पायरीखालीच उभा राहिला. मी म्हटलं, "तात्या, त्या दिवशी म्या तोंडाला यील ते बोलले. चुकलं माझं." त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा मागितला. माप घेऊन फ्रॉकच्याच उरलेल्या लाल कापडाची छोटी खोळ शिवली, उजव्या काचेवर चढवायची, कडेला रबर. समीक्षाला ती आवडली. मग ते बाहेर धनाजीकडं बघून म्हणाले, "आरं, वर ये की. का अजून खडूला भितोस?"

धनाजी वर आला, पण मान खालीच.

"बघतो मी तुजं समदं," तात्या म्हणाले. "टोपी बराबर घालतोस. पर माजा एक डोळा जातो, तू दोनी आणतोस. चार वर्सं चुकीचं करतुयास." आणि मशीनवर वाकले. धनाजीला हसावं का रडावं कळेना. मलाही कळलं नाही.

खोळ टिकली. सहा तास पुरे व्हायला लागले. पण डोळा सुधारतोय का, हे कसं कळणार? पुढची तपासणी दोन महिन्यांनी. मला तर दोन तास धीर निघत नव्हता. तिला लांबनं पातेलं दाखवलं, कोंबडी दाखवली. ती अंदाजानं सांगायची, रंगावरनं, आवाजावरनं. तेव्हा मी धनाजीला म्हटलं, "तुमी अंगणात हुबं ऱ्हावा. कधी डोळं करा, कधी करू नका. तिनं सांगायचं."

"माज्यानं न्हाई व्हायचं."

"एसटी स्टँडवर परक्यासाठी व्हतंय, आन लेकीसाठी न्हाई व्हय?" मी म्हटलं. मला ते असं बोलायचं नव्हतं, पण बोलले आणि बरं झालं.

पायरीपासनं एकेका पावलावर मी चुन्याच्या रेघा ओढल्या. सातच ओढल्या, दहा ओढायचा धीर झाला नाही. रोज सकाळी खोळ चढवायची, ती पायरीवर, तो रेघेवर. मी विचारायचं, "सरळ का तिरळं?" दुसऱ्या रेघेपर्यंत ती बरोबर सांगायची. तिसऱ्या रेघेवर तो नुसता उभा राहिला तरी ती हसायची आणि "तिरळं!" म्हणायची. बापाला हसायचं असतं, हे ती शिकून बसली होती आणि आम्हीच शिकवलं होतं. ती हसली की धनाजीचा चेहरा उतरायचा. तीन आठवड्यांनी तिसरी रेघ पार झाली. चौथीला महिना लागला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाटीवर दोन ओळी खालपर्यंत वाचतेय आता. सोडू नका." मी सोडणार होते का? पावसानं रेघा पुसल्या की मी पुन्हा ओढायची. शेडवर निवडतानाही बोटांनी पावलं मोजायची. पाचवी. मग सहावी, जी एक दिवस जमायची आणि दोन दिवस नाही.

गौरी-गणपती झाल्यावरची गोष्ट. विश्वजितच्या नव्या भागाचं शूटिंग होतं, म्हणून धनाजीनं सकाळीच सोंगाची टोपी घातली होती. घाईत होता. मी म्हटलं, "आज सातवीवर हुबं ऱ्हावा." तो कुरकुरत गेला. टोपी वाकडी, हात कमरेवर, अगदी तिरपा पाव्हणाच. फक्त डोळे सरळ ठेवले होते.

"समीक्षा, पप्पा काय करत्यात?"

तिनं चष्मा नाकावर वर ढकलला. मान पुढं केली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, आता हसेल, आता हसेल. ती हसली नाही. कपाळाला आठ्या घालून बघत राहिली, मग माझ्याकडं वळून रागानं म्हणाली,

"कायबी करीत न्हाईत. नुसतंच हुबं हायत. त्यात हसायचं काय?"

धनाजी टोपी हातात घेऊन तिथंच सातव्या रेघेवर मटकन बसला. मी चुन्याचा डबा आणायला आत पळाले.